हात वाकतात टेबलावर, बिघडतात बोर्डावर: व्हॉल्टवरच्या हँडस्प्रिंगचं एक प्रकरण

मुलगी नऊ वर्षांची, उंची साधारण १३० सेंटिमीटर. तीन वर्षं जिम्नॅस्टिक्सचा नियमित सराव. फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत, राउंड-ऑफ (हातांवरून वळून दोन्ही पायांवर उतरणं) आणि फ्रंट हँडस्प्रिंग (हातांवरून पुढे उसळून पायांवर उतरणं) स्वच्छ, आधाराशिवाय हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, दहा सेकंद. व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन स्प्रिंगच्या बोर्डवरून उडायचं आणि उंच टेबलावर हात टेकून पलीकडे उतरायचं त्या प्रकारात, मात्र हँडस्प्रिंग जमेना. धाव चांगली, बोर्डवर पाय नेमके पडायचे, पण हात टेबलाला लागले की कोपरं वाकायची, डोकं टेबलाच्या अगदी जवळ यायचं आणि पलीकडे ती पायांवर येण्याऐवजी बसूनच पडायची. टेबल १०५ सेंटिमीटरवर होतं, पलीकडे मॅट रचून उतरण्याची जागा उंच केलेली होती, म्हणजे इजेची धास्ती कमी होती. तरी प्रत्येक उडीत तोच प्रकार.

हे चित्र कुणा एका मुलीचं नाही. व्हॉल्ट शिकणाऱ्या नऊ ते अकरा वर्षांच्या मुलामुलींमध्ये हातांचे जे दोष पुन्हा पुन्हा एकत्र दिसतात, ते इथे एका मुलीच्या रूपात मांडले आहेत. आकडेही त्याच वयोगटाच्या सरावातले, ढोबळ आहेत.

पहिला उपाय बहुतेक ठिकाणी होतो तोच झाला. हात वाकतात म्हणजे हातात जोर नाही, म्हणून जोर काढा. तीन आठवडे रोज जोर आणि डिप्स. जोरांची संख्या आठवरून पंधरावर गेली आणि टेबलावर कोपरं पूर्वीइतकीच वाकत राहिली. याचं आश्चर्य वाटायला नको. टेबलावर हात टेकलेले असतात तो वेळ चांगल्या हँडस्प्रिंगमध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. एवढ्यात कोपर वाकवून पुन्हा सरळ करायला वेळच पुरत नाही. जोर मारताना जी हालचाल होते ती सावकाश होते आणि तिला जमिनीचा आधार सतत मिळतो. टेबलावर हवं असतं ते वेगळंच: आधीच ताठ झालेला हात, कानाला लागलेला दंड, आणि खवाट्यांमधून दिलेला दोन-चार सेंटिमीटरचा आखूड झटका. बाकीची ताकद धावेतून आणि बोर्डमधून आलेली असते, हातांनी फक्त ती वाया जाऊ द्यायची नसते. सरळ काठी जमिनीवर आपटली की उसळते, मधे मोडलेली काठी पडल्या जागी लोळते. वाकलेलं कोपर म्हणजे ती मोडलेली जागा, आणि धावेचा सगळा वेग तिथे जिरतो.

म्हणून ताकदीच्या नावाखाली आणखी महिना घालवण्याआधी तीन साध्या चाचण्या घेतल्या. या चाचण्यांना अर्धा तास लागतो आणि पुढचे दोन महिने वाचतात, त्यामुळे त्या सविस्तर.

पहिली चाचणी बोर्ड आणि धाव वगळून. हँडस्टँडमध्ये पाय मारून चढायचं आणि हात जमिनीला लागताक्षणी खांद्यांतून उसळी घेऊन हात जमिनीपासून सुटतील असं करायचं. तिचे हात सुटले, जेमतेम तळव्याच्या जाडीइतके, पण कोपरं सरळ राहिली. म्हणजे मूळ ताकद होती.

दुसरी चाचणी भीतीची. टेबल बाजूला करून तेवढ्याच उंचीची मऊ मॅटची थप्पी लावली आणि त्यावर बोर्डवरून हँडस्टँड घेऊन पाठीवर सपाट पडायला सांगितलं. टेबलाच्या भीतीने हात वाकत असतील तर मऊ थप्पीवर ते सरळ व्हायला हवेत. ते तिथेही वाकले. भीतीचा वाटा असेलही, पण मूळ कारण ती नव्हती.

तिसरी चाचणी खांद्यांच्या मोकळेपणाची. भिंतीला पाठ, कंबर आणि डोकं लावून उभं राहायचं, बरगड्या पुढे येऊ न देता, कोपरं सरळ ठेवून हात वर नेऊन अंगठे भिंतीला लावायचे. तिचे अंगठे भिंतीपासून तीन-चार बोटं दूर राहिले. हे मात्र सापडलं. खांदा पूर्ण उघडत नसेल तर हात टेकताना खांदा तळव्यांच्या पुढे जातो, शरीराचा भार हाताच्या रेषेतून न जाता कोपरावर येतो आणि ते मोडतं. पण तेवढ्या फरकाने कोपर एवढं वाकणार नाही. आणखी काहीतरी होतं.

ते मोबाइलच्या चित्रणात दिसलं. चित्रण बाजूने, बोर्ड आणि टेबल दोन्ही चौकटीत येतील असं, सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये. या वेगात प्रत्येक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची. बोर्डवर पाय असण्याचा वेळ एक दशांश सेकंदाच्या थोडा वर, म्हणजे पंचवीस ते तीस फ्रेम. टेबलावरचे हात चांगल्या उडीत पन्नासच्या आसपास. तिचे हात टेबलावर सत्तरच्या वर फ्रेम रेंगाळत होते, आणि सुटत होते तेव्हा शरीर उभ्या रेषेच्या पुढे निघून गेलेलं होतं. पण पाहण्यासारख्या फ्रेम त्या नव्हत्या. पाय बोर्डला लागले ती फ्रेम थांबवली. हात कुठे होते? कुल्ल्यांच्या मागे. पाय बोर्डवरून सुटले ती फ्रेम थांबवली. हात छातीसमोर. म्हणजे बोर्ड ते टेबल या छोट्याशा उड्डाणात हातांना छातीपासून कानापर्यंतचा प्रवास करायचा होता, आणि तो पुरा व्हायच्या आत टेबल येत होतं. हात टेबलाला लागत होते तेव्हा कोपर अजून उघडतच होतं. उघडत असलेला सांधा धक्का झेलू शकत नाही, तो आत दुमडतो.

प्रशिक्षकाने तिला विचारलं, “बाळा, बोर्डवरून उडालीस तेव्हा हात कुठे होते?” तिने ठामपणे सांगितलं, “सर, वरच होते. कानाला.” ती खोटं बोलत नव्हती. या वयात हालचाल इतकी वेगात होते की मुलांना तिचा शेवट आठवतो, मधला भाग नाही. थांबवलेली फ्रेम दाखवल्यावर ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग स्वतःच हात मागे नेऊन ती स्थिती करून पाहिली. इतके दिवस “हात वर, हात वर” असं ओरडून जे झालं नव्हतं, त्याची सुरुवात त्या एका चित्राने झाली.

आता हात उशिरा का येत होते? उत्तर हर्डलमध्ये होतं, म्हणजे शेवटच्या पावलावरून बोर्डकडे घेतलेल्या झेपेत. फ्लोअरच्या फ्रंट हँडस्प्रिंगमध्ये हर्डल घेताना हात वर नेतात आणि वरूनच जमिनीकडे आणतात. ती सवय तिने जशीच्या तशी व्हॉल्टवर आणली होती. हर्डलमध्ये हात वर, मग बोर्डवर जोर मिळावा म्हणून ते मागून खाली आणि पुन्हा पुढे, असा पूर्ण गोल. हा गोल पुरा करायला हवेत जास्त वेळ लागतो, म्हणून हर्डल उंच आणि लांब झाला होता. उंच हर्डलमुळे धावेचा वेग खाली पडत होता, आणि एवढं करूनही गोल अपुराच राहत होता.

नवशिक्यांसाठी हातांचा मार्ग आखूड असावा. धावताना हात पायांच्या उलट हलत असतात. शेवटच्या पावलावर दोन्ही हात एकत्र येऊन कुल्ल्यांच्या बाजूला, फार तर किंचित मागे जातात. हर्डलच्या हवेत ते खालून पुढे यायला लागतात. पाय बोर्डला लागतात तेव्हा हात कंबर ते छाती यांच्या मधे, पुढच्या बाजूला, वर जात असलेले असले पाहिजेत. पाय सुटतात तेव्हा दंड कानाजवळ येऊन थांबलेले असले पाहिजेत. यात “वर जात असलेले” हा भाग महत्त्वाचा. पाय बोर्डवर असताना हात वेगाने वर गेले की बोर्ड जास्त दाबला जातो आणि जास्त परत देतो. हात आधीच वर नेऊन धरून ठेवले तर हा फायदा जातो, मागे राहिले तरी जातो. पूर्ण गोल पुढे मोठ्या, वेगवान जिम्नॅस्टमध्ये दिसतो आणि चालतोही, पण नऊ वर्षांच्या मुलीकडे त्यासाठी लागणारा हर्डल नसतो.

उपाय दोन वाटांनी एकदम चालले, आणि तीन आठवडे टेबलाला हात लावला नाही. हा निर्णय पालकांना पटवायला वेळ लागतो, कारण बाहेरून पाहता मुलगी “मागे गेली” असं दिसतं. तरी तो घ्यावा. चुकीच्या वेळेत मारलेली प्रत्येक उडी चुकीची वेळच पक्की करते.

पहिली वाट खांद्यांची. गुडघ्यांवर बसून हात बाकावर ठेवायचे, कोपरं सरळ, छाती खाली सोडायची. तीस सेकंद, तीनदा, सराव संपताना. पाठीवर कुणी दाब द्यायचा नाही, हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं, कारण दाब देण्याची पद्धत सर्रास आहे आणि वाढत्या वयातल्या खांद्याला ती मानवत नाही. मग खवाट्यांची हालचाल. जोर मारायच्या स्थितीत, कोपरं कुलूप लावल्यासारखी, छाती दोन खांद्यांमध्ये खाली जाऊ द्यायची आणि पुन्हा जमिनीला दूर लोटायची. दहा वेळा, दोन फेऱ्या. मुलं इथे हमखास कोपर वाकवतात, म्हणून प्रशिक्षकाने कोपराच्या मागे दोन बोटं धरावीत. हे जमलं की पोट भिंतीकडे ठेवून हँडस्टँडमध्ये खांदे कानाकडे चढवणं, आठ वेळा. त्यानंतर भिंतीवरची उसळी: भिंतीपासून पाऊणएक मीटरवर उभं राहायचं, दंड कानाला, अंग ताठ ठेवून पुढे झुकायचं, डोक्याच्या वर भिंतीला तळवे लागताच खांद्यांतून झटका देऊन परत उभं व्हायचं. तळवा भिंतीला चिकटला तर झटका उशिरा आला. टाळीसारखा आखूड आवाज आला तर बरोबर. डोळे मिटून फक्त आवाज ऐकला तरी कुणाचं जमतंय ते कळतं.

दुसरी वाट बोर्डची. सुरुवात जमिनीवर, जागच्या जागी: हात कुल्ल्यांपासून कानापर्यंत आणि कानाशी तटकन थांबवणं, त्याच क्षणी ताठ उडी. मग एका पावलावरून बोर्डवर आणि चाळीस-पन्नास सेंटिमीटर उंच मॅटवर ताठ उडी. मग तीन पावलं, मग पाच. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट पाहायची: पाय बोर्डवरून सुटले त्या फ्रेममध्ये दंड कानाजवळ आहेत का? सहांपैकी पाच वेळा असतील तर पुढचा टप्पा. हर्डल आखूड व्हावा म्हणून जमिनीवर खडूची रेघ मारली, बोर्डपासून तिच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट अंतरावर, आणि तिथूनच झेप घ्यायला सांगितलं. उंच हर्डलची सवय या रेघेने जितकी लवकर मोडते तितकी बोलून मोडत नाही.

बोर्डबद्दल दोन गोष्टी. हलक्या मुलांखाली कडक बोर्ड पुरेसा दबतच नाही. काही बोर्डांतल्या स्प्रिंग काढता येतात, तिथे एक-दोन स्प्रिंग कमी करून पाहाव्यात. तिचा बोर्ड टेबलापासून सत्तर सेंटिमीटरवर होता. दूर असल्यामुळे ती वर न जाता टेबलाकडे सूर मारत होती. तो पन्नासवर आणला. उलट टोकाची चूकही होते: हात उशिरा येतात म्हणून बोर्ड आणखी मागे नेऊन वेळ विकत घ्यायचा. असं केलं की दोष झाकला जातो आणि टेबल उंच झाल्यावर दुप्पट होऊन समोर येतो.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही वाटा जोडल्या. बोर्डवरून ऐंशी सेंटिमीटरच्या मॅटच्या थप्पीवर हँडस्टँड, खांद्यांचा झटका आणि पलीकडच्या तेवढ्याच उंच मॅटवर ताठ अंगाने पाठीवर सपाट पडणं. टाचा आणि पाठ एकदम लागल्या तर अंग सरळ होतं. कंबर आधी लागली तर मधे वाकलेलं होतं. हात खांद्यांइतक्या अंतरावर, बोटं पुढे. नजर हातांकडे, पण डोळ्यांनी, हनुवटी उचलून नव्हे. हनुवटी वर गेली की पाठ कमान करते आणि खांद्याचा कोन बंद होतो.

चौथ्या आठवड्यात टेबल आलं आणि नवे दोष घेऊन आलं. सगळ्यात मोठा अपेक्षित होता: शेवटच्या तीन पावलांत धाव मंदावणं. हातांचा विचार डोक्यात असला की पाय थबकतात. यावर हात सुधारत बसण्यात अर्थ नाही. एका दिवशी फक्त धाव आणि बोर्डवरून मऊ मॅटवर ताठ उडी घेतली, हातांबद्दल एक शब्दही न काढता. दुसरा दोष प्रशिक्षकाच्या तोंडून जन्मतो. “हात लवकर” म्हणायच्या जागी “हात वर” म्हटलं की मुलं हर्डलमध्येच हात वर नेऊन धरतात आणि झुला नाहीसा होतो. तिसरा, हात जोरात वर गेल्यावर बरगड्या पुढे फुगणं. पोट आत आणि कुल्ले आवळून भिंतीजवळचीच कसरत दोन दिवस पुन्हा केली की हे सुटतं.

टेबलावर पहिल्या आठवड्यात प्रशिक्षक उतरण्याच्या बाजूला, टेबलाला लागून उभा. एक हात मुलीच्या दंडाखाली खांद्याजवळ, दुसरा कमरेच्या मागे. कोपर किंवा मनगट कधीच धरायचं नाही. शरीर वेगाने फिरत असताना धरलेला सांधा मुरगळतो.

सहाव्या आठवड्यात हात टेबलावर पन्नासच्या आसपास फ्रेम राहू लागले, कोपरं बहुतेक उड्यांत सरळ, आणि ती पायांवर उतरू लागली. पुढे दोन पावलं पडत होती, पण पायांवर. जोरांची संख्या या काळात वाढवली नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांत टेबलावर वाकलेल्या हातांसाठी ०.५० पर्यंत गुण कापले जातात. पालकांना आणि मुलांना हा आकडा सांगायला हरकत नाही, पण या वयात हात सरळ करण्याचं कारण मनगट आणि कोपर सुरक्षित ठेवणं हे आहे.

मनगटाबद्दल थोडं थांबून. या वयात हाताच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाजवळ, हाडाची वाढ होते ती मऊ पट्टी वारंवारच्या आपटण्याने दुखावते. तळवा टेकून भार दिला की मनगटाच्या वरच्या बाजूला दुखणं, दाबलं की कळ येणं, सराव संपल्यावरही दुखत राहणं, ही लक्षणं दिसली की हातांवरचा भार त्याच दिवशी थांबवायचा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचं. पट्टा बांधून सराव चालू ठेवणं हा सगळ्यात महाग पडणारा उपाय. म्हणून मोजणी हवी. या प्रकरणात टेबलावर हात टेकणाऱ्या उड्या एका सत्रात बारा ते पंधरा आणि आठवड्यात तीनच दिवस ठेवल्या. त्याच दिवशी फ्लोअरवर हँडस्प्रिंगचा मोठा सराव असेल तर व्हॉल्टच्या उड्या निम्म्या. हाताच्या आपटण्याचा हिशेब सगळ्या उपकरणांचा मिळून करायचा असतो, कारण मनगट तेच असतं.

टेबलाची उंची हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. महिलांसाठी स्पर्धेची उंची १२५ सेंटिमीटर, पुरुषांसाठी १३५. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक ऑल-अराउंड (सगळ्या उपकरणांच्या एकत्रित गुणांच्या) अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा, म्हणजे टेबलाच्या जागी तेव्हा असलेलं उपकरण, पाच सेंटिमीटर खाली लावला गेला होता. जगातल्या उत्तम जिम्नॅस्ट एकामागून एक कोसळल्या, शेवटी एका ऑस्ट्रेलियन जिम्नॅस्टच्या लक्षात आलं तेव्हा उंची दुरुस्त झाली. अनुभवी हातांची वेळ पाच सेंटिमीटरने चुकते, तर शिकणाऱ्या मुलीची काय कथा. पुढच्याच वर्षी घोड्याच्या जागी आजचं रुंद टेबल आलं, पण टेप लावून उंची मोजायची गरज तशीच राहिली. सराव सुरू होण्याआधी टेप लावा, खुणेच्या आकड्यावर विसंबू नका. जुन्या टेबलांच्या खुणा सरकलेल्या असतात.

पालक कधीकधी विचारतात की प्रोदुनोवा हा अवघड व्हॉल्ट कधी शिकणार. दीपा कर्माकरने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो मारला आणि १५.०६६ गुणांवर चौथी आली, तेव्हापासून हे नाव घरोघरी पोहोचलं. त्या व्हॉल्टची सुरुवातही टेबलावरच्या हँडस्प्रिंगनेच होते, आणि पुढे दोन कोलांट्या बसवायच्या असतील तर हातांवरून मिळालेली उंची त्याला पुरावी लागते.

या मुलीचं पुढचं वेळापत्रक असं: टेबल पाच-पाच सेंटिमीटरने वर. प्रत्येक वेळी पहिल्या दोन सत्रांत चित्रण, आणि बोर्डवरून पाय सुटल्याची फ्रेम. त्या फ्रेममध्ये हात पुन्हा छातीशी दिसले तर टेबल लगेच पाच सेंटिमीटर खाली, आठवडाभर तिथेच. हात कानाशी आले की बोर्ड पाच-दहा सेंटिमीटर मागे न्यायला हरकत नाही. धावेची लांबी मात्र सगळ्यात शेवटी वाढवायची, कारण वेग वाढला की बोर्डवरचा वेळ आणखी कमी होतो आणि हातांना ते काम त्याहून आखूड वेळात पुरं करावं लागतं.